पट्टा शिवून झाला होता

माझ्या आईचा शिवणकामात हात धरणारं कुणी नव्हतं. फ्रीमाँटमधल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज तिच्याच मशीनवर व्हायचे. म्हणून तर मी थँक्सगिव्हिंगला कॉलेजातून घरी येताना रूममेटची बॅग घेऊन आले. रूममेट ग्वाटेमालाची. बॅग पाठीवर अडकवायची, सुती, हातमागाची. लाल-जांभळ्या पट्ट्यांत पक्षी विणलेले. खांद्याचा एक पट्टा उसवला होता. माझी आई मिनिटात शिवेल, असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

शिवलाही तिने. दुहेरी दोरा घालून, वर पुन्हा टीप मारून. बॅग उलटसुलट करून बघत म्हणाली, काय सुरेख काम आहे गं, आपल्या खणाच्या तोंडात मारेल असं. मला इतकं बरं वाटलं, की मी सगळं सांगून बसले. ही बॅग म्हणजे मुळात रूममेटच्या आईचा झंपर. कमरेला माग बांधून तो तिने स्वतः विणला, वर्षानुवर्षं घातला. ती गेल्यावर मावशीने त्याची बॅग करून दिली, लेकीच्या पाठीशी आई असावी म्हणून.

आईला हे कळणारच, अशी माझी खात्री होती. तिच्या पलंगावर आजीच्या लुगड्यांची गोधडी होती. आजी गेल्यावर ती तिने साताऱ्याहून इथवर मांडीवर घेऊन आणली होती, सूटकेसमध्येसुद्धा ठेवली नव्हती. पण आईने नुसतं मशीन झाकलं आणि कुकर लावायला गेली.

रविवारी निघायच्या वेळी बॅग कुठेच दिसेना. मी कपाटं उपसली, गराज पालथं घातलं. आणि आई माझ्याबरोबर शोधत होती! सोफ्याखाली वाकून बघत होती. ते मला आजही पचत नाही. शेवटी बाबांनाच राहवेना. काल तिने ती चर्चच्या डोनेशन बॉक्समध्ये टाकली, म्हणाले.

"मेलेल्या बाईच्या अंगातलं ते," आई म्हणाली. "घरात देव आहेत. आणि तू ते पाठीवर घालून आलीस."

"मग तुझी गोधडी?"

"ती माझ्या आईची आहे."

इतक्या शांतपणे म्हणाली, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांनी गाडी काढली, पण बॉक्स रिकामा होता. ट्रक सकाळीच येऊन गेला, असं तिथल्या माणसाने सांगितलं. परतताना मी बाबांशीही बोलले नाही. त्यांना कालपासून ठाऊक होतं.

रूममेटपासून मी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, गोधडीसकट. वाटलं, रडेल, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "पण पट्टा नीट शिवला होता ना?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या आईने शिवलेलं कधी उसवत नाही."