झाकणावर विश्वास नसलेला माणूस

माझे थोरले मेहुणे जगातल्या कुठल्याही झाकणावर विश्वास ठेवत नाहीत. नंदुरबारला एटीएममध्ये शिरले तरी एक पाय दारात अडकवून ठेवतात. मागची रांग कितीही नाकं मुरडो, पाय हलत नाही. मग गोबरगॅसच्या टाकीचं काय विचारता! ती साफ करायची म्हटली की आधी दोन दिवस झाकण उघडं, मग धान्य उफणायच्या पंख्याचा वारा, मग तीन बांबूंना टांगलेली कप्पी आणि उतरणाऱ्याच्या काखेतून दोर. या सगळ्यावर कडी म्हणजे आत उतरलेल्याने एकसारखं बोलत राहायचं, आणि बोलायचं काय, तर मेहुण्यांना नावं ठेवायची. "देवनं नाव लेता लेता मानूस थकस, मले नावे ठेवता थकत नही," हे त्यांचं शास्त्र. निम्मं गाव ते ऐकायला जमायचं.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा मुलगाच उतरला. चांगला दोन लेकरांचा बाप. "मन्हा बाप मच्छरदानीमाबी घाबरस," आतून आवाज आला आणि वर हशा पिकला. मग त्याने फावड्याने तळचा गाळ ढवळला. गाळाखाली कोंडलेल्या वायूपर्यंत पंख्याचा वारा पोचलेलाच नव्हता. पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, धावल्या. मीही चपला काढल्या. मेहुणे पाय फाकून टाकीच्या तोंडावर उभे राहिले आणि माझ्या छातीवर कोपर रोवून म्हणाले, "कोनी खाले उतरानं नही. मीबी नही. पाव्हना, दोर वढा." खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. पोटचा पोरगा आत पडलाय आणि हा माणूस नियम सांगतोय! पण पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही दोर ओढू लागलो. कप्पी करकरत होती, वहिनी माझा सदरा धरून उभ्या होत्या. मान टाकलेला पोरगा वर आला. त्याला लांब मोकळ्या वाऱ्यावर निजवलं. बऱ्याच वेळाने तो खोकला, तेव्हा कुठे वहिनींना रडू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी जिवाचा धोका टळल्याचं सांगितलं. बाकावर मेहुण्यांशेजारी बसत मी म्हटलं, "तुमचं काळीज मात्र घट्ट."

"कसानं घट्ट," ते हळूच म्हणाले. "जीव ते तवयच खाले उतरी गयथा. नुसतं आंग वर ऱ्हायनं."

चहा आला. त्यांना कप धरवेना, म्हणून मीच तो त्यांच्या तोंडाशी धरला.