श्रावणातला हळदीचा वास

या ग्रुपवर मी बऱ्याच वर्षांपासून आहे, ते फक्त हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, वडावरचा मुंजा, बंद गाडीत आपोआप वाजणारा रेडिओ... शिकलीसवरली माणसं इतकं बावळटासारखं कसं लिहितात, याचंच मला नवल वाटायचं. भूत, भानामती, बाहेरचं — मी यातलं काही मानत नाही. आजही नाही. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावपासून जवळ. घरची हळद. गेल्या वर्षीच्या फाल्गुनात हळद शिजवायचा कुकर लावला होता, म्हणजे वाफेवर चालणारे मोठाले लोखंडी ड्रम. एक ड्रम उलटा करताना त्याचा दांडा हातातून सुटला आणि माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. उठलो, पाणी प्यालो, पुन्हा कामाला लागलो. तालुक्याच्या डॉक्टरनं "मुका मार आहे" म्हणून सलाईन लावली. आमच्याकडे सर्दीलाही सलाईनच लागते.

डोकं मात्र थांबेना. उन्हात गेलो की कपाळात ठणका, मोबाइल पाहिला की मळमळ, बोलता बोलता शब्दच सापडायचे नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वास गेला. पार गेला. हळद शिजली की नाही ते आमच्याकडे वाफेच्या वासावरून ओळखतात, आणि माझ्या नाकावर अख्ख्या शिवाराचा भरवसा. मी कुणाला सांगितलं नाही. ड्रमपाशी उभा राहून हुंगल्याचं सोंग करायचो आणि "काढा" म्हणायचो. एक खेप साफ कच्ची निघाली, तर मजुरांवर ओरडलो.

चुलतीनं लगेच निदान केलं. "बाबू, तुला बाहेरचं लागलंय. औंढ्याच्या वाटंवर एक बाबा हाय, नारळ उतरवून घे."

माझी बायको रेखा एकच धरून बसली होती... नांदेडला मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं.

"मी येडा हाय का?"

"येडे न्हाई, हेकट हायत तुमी. वरण करपलं तरी कळंना तुमाला. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मला दोघींचा सल्ला एकाच लायकीचा वाटायचा. बाबा नारळ फिरवणार, डॉक्टर मशीन फिरवणार. न दिसणाऱ्या दुखण्यावर दोघांचीही दुकानं चाललेली. शिवाय मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाला आमचं गाव पुन्हा शहाणा म्हणत नाही. नाही म्हणजे नाही, असं सांगून टाकलं.

श्रावणातली दुपार होती. रेखा शेतात निंदायला गेलेली. मी दूध तापत ठेवलं, डोकं ठणकलं म्हणून बाहेरच्या खोलीत आडवा झालो आणि दुधाचा विसरच पडला. जाग आल्यावर चहा करावा म्हणून उठलो. डोळ्यांपुढे अजून धूसर होतं. खुंटीवरचा लायटर काढला... आणि वास आला. इतक्या महिन्यांतला पहिला वास. शिजत्या हळदीचा — गरम, मातकट, घशात बसणारा.

श्रावणात हळद शेतात हिरवीगार उभी असते. मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. कोण गाढव या दिवसांत कुकर लावून बसलं? लायटर हातात तसाच, मी अंगणात आलो. कुठे धूर नाही, वाफ नाही.

तेवढ्यात रेखा फाटकातून आत आली. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "काहून हो, हळद कोण शिजवून राहिलं? ऐन सरावनात?"

तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला आणि किंचाळली, "गॅस! अहो, गॅस सुटलाय!"

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण चालूच. घरभर गॅस भरला होता आणि मला त्याचा मागमूस नव्हता. रेखानं माझ्या हातातला लायटर हिसकावून लांब भिरकावला, नाकाला पदर लावून आत धावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग अंगणात बसून रडायला लागली.

"आता तरी?" एवढंच म्हणाली.

मी हो म्हणालो. घाबरून म्हणालो, त्यात शहाणपण काही नव्हतं.

चुलती म्हणाली, देवानं वाचवलं. देवाला एवढी काळजी होती तर त्यानं दांडाच धरायचा होता.

नांदेडच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले आणि सगळं नीट ऐकून घेतलं. डोक्याला मार बसला की वासाची नस दुखावते, म्हणाला. मग नसलेले वासही येतात, आणि ते बहुधा ओळखीचेच असतात. औषधं दिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं होतं. मला माणूस जवळजवळ आवडला.

म्हणून विचारलं, "माझ्या वासाचं पटलं, साहेब. पण वास हिलाही आला. हिच्या डोक्याला कुठं लागलंय?"

त्यानं रेखाकडे पाहिलं. "योगायोग," म्हणाला आणि बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला. चुलतीचं 'बाहेरचं' आणि याचा 'योगायोग'... शिक्षणाचा फरक, दुसरं काय.

डोकेदुखी आता बरीच कमी आहे. बोलताना शब्द सापडतात. उशीर केला नसता तर नाकही वाचलं असतं का, हे डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही.

कॉमेंटमध्ये पितर, देवी वगैरे लिहू नका, मी वाचणार नाही. खरं कारण कुणाला माहीत असेल तर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. यंदा पुन्हा कुकर लागला. मी ड्रमच्या तोंडाशी नाक नेऊन उभा राहिलो. वाफ तोंडावर आली, वास काही आला नाही. फार वाईट वाटलं.

शेजारी उभ्या रेखानं एक श्वास घेतला. "तोच हाय," ती म्हणाली, "त्या दिवशीचा." आणि मजुरांना म्हणाली, "काढा."