आईच्या नावावरच्या गोळ्या

निघायच्या दिवशी पंचवटीतल्या घरी बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं. मी लोणच्याची बरणी आणि मेतकूट काढून ठेवलं. माझ्या थायरॉइडच्या गोळ्यांना हात लावला नाही. "अगं, लोणचं तरी राहू दे की," आई मी रिक्षात बसेपर्यंत म्हणत होती.

अमेरिकेत वर्षभरात नवऱ्याची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर इन्शुरन्सही. गोळी तिथे फार महाग नव्हती, पण डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळायची नाही, आणि त्याची फी ऐकूनच माझं धाबं दणाणलं. पुढची अक्कल माझीच. आईला फोनवर म्हटलं, "तू तुझ्या नावावर लिहून घे. मुंबईच्या डॉक्टरांनी सुरू केलीय म्हणून सांग."

"मला काय धाड भरलीय?" ती हसली. पण गेली. उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई आमच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर थकव्याचं सोंग करून आली. पुढे नवऱ्याला नोकरी लागली, इन्शुरन्स आला, तरी मी येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर गोळ्या मागवतच राहिले. फुकटची सवय, दुसरं काय! इकडे आलेल्या तुमच्यापैकी किती जणींच्या ड्रॉवरमध्ये अशी पाकिटं आहेत, ते तुम्हीच बघा.

गेल्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. भावानं तिची फाइल हॉस्पिटलात दिली आणि फाइलप्रमाणे माझी गोळी रोज सकाळी तिला सुरू झाली. लेकीचं बिंग फुटायला नको म्हणून तिनं ती निमूट गिळली. पंधरा दिवसांत छातीत धडधड, हातांना कंप. भावाचा फोन आला, "ताई, डॉक्टरांनाही काही कळेना झालंय गं."

मला कळलं होतं. तरी मी एक अख्खा दिवस गप्प बसले, वहिनी काय म्हणेल याचा विचार करत. दुसऱ्या दिवशी भावाला सांगितलं. गोळी बंद झाली, आई वाचली.

नंतर मी नाशिकला गेले. फाइलमधलं खोटं काढायला आम्ही दोघी त्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. मीच बोलायचं, असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्याच. हिला काय माहीत!"

आणि मी मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून पंचवटीच म्हणते. पण तिथे गेले की त्या दवाखान्याच्या गल्लीतून जात नाही, लांबून वळसा घालते. आई बरोबर असली तर तीही काही न विचारता, वॉकर टेकत, माझ्यामागून तो वळसा घालते.