चेअरमनसाहेबांचा फोन नंबर

डिप्लोमा झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण शिरूरला एक डबा तयार करत होतो. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्याच्या माळ्यावर आमची कंपनी. डबा विहिरीवरच्या स्टार्टरला जोडायचा, आत एक मोबाइल; घरून त्याला फोन लावला की पंप चालू, परत लावला की बंद. मोबाइल तेव्हा नुकते गावोगाव पोचले होते आणि लाइट कधी येईल याचा नेम नव्हता. आम्हाला वाटलं, लोक रांगा लावतील. पण डबे बनवायला भांडवल हवं होतं, आणि बँकेतले साहेब आम्हा दोघींकडे बघून विचारायचे, "घरातलं मोठं कुणी आलंय का?"

म्हणून मी मोठं कुणीतरी गाठलं. कवठे येमाईचे माझे मामा. झेंडूची शेती, एक जुनी जीप आणि सोसायटीच्या निवडणुकीत दर वेळी पडण्याचा दांडगा अनुभव. मामांनी डबा उलटासुलटा करून पाहिला.

"पैसं देतो. पर कंपनीचा चेअरमन कोन हाय?"

"अजून कुणीच नाही, मामा."

"मग झालं की!"

मैत्रीण म्हणाली, "नावच तर हवंय, घेऊ देत." पहिला डबा आम्ही मामांच्याच विहिरीवर बसवला.

पुढे कॉलेजातल्या सरांच्या ओळखीने पुण्याचे एक गृहस्थ भेटले. नव्या कंपन्यांत पैसे घालणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी कुठे असाल?" मैत्रीण म्हणाली, "शिरूरलाच." ते हसले आणि डबा बघायला यायला तयार झाले.

मामांनी त्यांना जीपमधून मळ्यात आणलं. बांधावर चहा झाला. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या कंपनीत एक्झिटचं काय?" घातलेले पैसे पुढे बाहेर कसे काढता येतील, याचं पाठ केलेलं उत्तर मी देणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "गाडी वळवायचं कामच न्हाई साहेब. वढ्याच्या कडंनं गेलं की डायरेक्ट शिरूर रोड."

मी फोन लावला. पंप चालू. परत लावला. बंद. साहेब खूश झाले, पाइपच्या तोंडाशी उकिडवे बसून बारकाईने बघू लागले. आणि पंप आपोआप चालू झाला.

साहेब कमरेपर्यंत भिजले. मी घाईघाईने बंद केला. ते पँट पिळताहेत तोवर पुन्हा चालू.

"ऑटोमॅटिक हाय," मामा म्हणाले.

तेवढ्यात मामांचे साडू मोटारसायकलवरून तणतणत आले. "सकाळधरनं फोन लावतोय! पोरीची सुपारी फोडायची हाय, आन् तुम्ही फोन उचलता, पर बोलत न्हाई. आत्ता वढ्यापासनं दोनदा लावला. चेअरमन झाला म्हून काय झालं?"

"माझ्याकडं कुठं मोबाइल हाय?"

"मग जीपच्या मागं काय लिवलंय?"

मी जीपच्या मागे गेले. पेंटरने लाल-पिवळ्या अक्षरांत 'चेअरमन' असं रंगवलं होतं आणि खाली पंपाच्या डब्यातल्या मोबाइलचा नंबर. मामा म्हणाले, "कंपनीचा नंबर म्हून तूच दिला हुतास की!" मामांच्या झेंडूत अधूनमधून चिखल का होतो, तेही कळलं. शेजारीच पाणी सोडतो असं समजून मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मैत्रीण बांधावर बसून तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मला मात्र रडू येत होतं.

"म्हणजे कुणीही, कुठूनही, तुमची विहीर उपसू शकतो," साहेब शांतपणे म्हणाले. मग त्यांनाही हसू आवरेना. पैसे मात्र दिले नाहीत. "आधी हे दुरुस्त करा. मग विकून दाखवा."

दुरुस्ती मैत्रिणीने केली. मालकाचा नंबर ओळखल्याशिवाय डबा हलेना. विक्री मामांनी अंगावर घेतली. जीपवर भोंगा बांधून ते गावोगाव हिंडले, पार दौंडकडच्या उसाच्या पट्ट्यापर्यंत. डब्याची माहिती ठीक सांगायचे, पण शेवटी सवयीने हात जोडून "आपलं बहुमोल मत" म्हणून जायचे. लोक हसायचे आणि ऑर्डर द्यायचे.

साहेब परत आले, या वेळी पैशांसकट. डबे बनवायला सणसवाडीला, कारखान्यांच्या भागात, शेड घ्यायचं ठरलं. त्यांची एकच अट होती: मामांनी पद सोडावं. हे मामांना सांगायला मी धजावेना. शेवटी मैत्रिणीनेच सांगितलं. मामांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"राजीनामा द्यायचा म्हंजी," ते म्हणाले, "निरोप समारंभ पायजे."

शेडच्या उद्घाटनालाच तो उरकला. शाल, नारळ, हार आणि मामांचं न संपणारं भाषण. शेजारच्या खोल्यांतले बिहारकडचे कामगार दारात जमले. एकाने मला हळूच विचारलं, "दीदी, दूल्हा यही हैं क्या?" मी पेढ्यांचं ताट त्याच्यापुढे धरलं.