जाळरेषेच्या कडेने

सातिवलीमागच्या जंगलात मी रविवारी फिरायला जाते, तेव्हा तो हमखास भेटतो. वणवा पसरू नये म्हणून जंगलात एक लांब पट्टा मोकळा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. ती झाडून काढणारा हा वनखात्याचा मजूर. नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो जमिनीकडे बघतो आणि सुरुवात नेहमी "आता बघा" अशी करतो.

पट्टा एवढा लख्ख ठेवून स्वतः मात्र कडेच्या काट्यांतून चालतो. मला वाटायचं, सावलीसाठी. एकदा मी पट्ट्यावर पाय टाकणार, तोच त्याने खराटा आडवा धरला.

"आता बघा ताई, इथं कोन राहतंय."

उघड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं होती. एकातून बारकी मधमाशी डोकावत होती. या जातीचं पोळं नसतं, प्रत्येकीचं स्वतःचं बीळ असतं, हे त्यानेच सांगितलं.

"पाल्याखाली येत नाय ह्या. मी आगीसाठी झाडलं, तर ह्या राहायला आल्या."

यंदा पट्टा जेसीबीने खरवडायचा हुकूम निघाला. गेल्या रविवारी पाहिलं, तर चाकांच्या खुणा एका ठिकाणी पट्टा सोडून वळसा घालून पुढे गेलेल्या. मधल्या तुकड्यावर तो उकिडवा बसून एकेक पान हाताने वेचत होता.

"सायबाला सांगितलं, इथं चढ हाय, मशीन उलटंल."

जमीन माझ्या बोळिंजच्या फ्लॅटमधल्या हॉलइतकी सपाट होती. मी कडेच्या काट्यांत शिरले.