घरचं काम, मिस्त्रीचं काम

ही गोष्ट सुमनला सांगायची होती. सुमन माझी बायको. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी अकरा वर्षं काढली, आणि चार महिन्यांपूर्वी ती गेली. दुसऱ्या कुणापुढे यातला शब्दही मी काढलेला नाही. आता तुमच्यापुढे काढतो आहे – सावकाश, कारण मला लिहायला वेळ लागतो. आणि खरं सांगायचं तर शेवटाला पोचायची मला घाईही नाही.

आधी गाडीचं सांगतो. ते सोपं आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं पुष्कळ आहे.

गाडी पांढरी, छोटी, घेतली तेव्हाच दुसऱ्याच्या हातची. आम्ही घाटनांदूरला राहतो. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मला एसटी सोयीची. सुमनची प्राथमिक शाळा मात्र आडबाजूच्या एका वस्तीवर, तिकडे एसटी जात नाही. म्हणून गाडी ती चालवायची. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी ती पहिली बाई. आणि चालवायची कशी – गिअर बदललेला शेजारच्याला कळू नये अशी. वस्तीचा रस्ता खडी उखडलेला, मध्येच उतार, तरी तिनं गाडीचं पोट कधी दगडाला लागू दिलं नाही. मी शेजारी बसलो की ताठ बसायचो. लोक बघायचे. बघू देत की.

दुरुस्ती माझ्याकडे होती. मी पुस्तकातला माणूस, म्हणून सुरुवातही पुस्तकानंच केली. रद्दीच्या दुकानातून गाडीच्या दुरुस्तीचं एक जाड पुस्तक आणलं आणि अंगणात उघडून ठेवलं. प्लग साफ करणं, रेडिएटरचा पाइप, फॅनबेल्ट – एकेक जमत गेलं. पहिला बेल्ट बसवला त्या दिवशी मी काळ्या हातांनीच ओट्यावर बसून राहिलो. सुमन म्हणाली, "अहो, धुवा आता. सगळ्या गल्लीनं बघितले हात."

जुन्या गाडीचं रोज काहीतरी निघतं. सगळं घरी होत नाही, आणि सगळं मिस्त्रीकडे न्यायचं म्हटलं तर गाडी तिकडेच नांदायला जाते. मग कुठलं काम घरचं आणि कुठलं मिस्त्रीचं? तो नियम सुमननं केला. "जे बिघडल्यावर गाडी चालत नाही, ते तुम्ही करा. जे बिघडल्यावर गाडी थांबत नाही, ते रशीदभाईला करू द्या." इतकं नेमकं वाक्य मला त्या जाड पुस्तकात सापडलं नाही. आजही कुणी जुनी गाडी घेतली की मी त्याला हेच सांगतो, आणि वाक्य कुणाचं तेही सांगतो.

रशीदभाई म्हणजे आमचे मिस्त्री. हात सोन्याचा, जीभ तिखट. मी पुस्तकातलं काही बोललो की म्हणायचे, "सर, वाचून गाडी नीट झाली असती तर आमी पन शाळेत गेलो असतो की." गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवरचे हसायचे. मीही हसायचो. पण ते मनात राहायचं – का राहावं? मला कुठे गॅरेज काढायचं होतं?

एका रविवारी मागच्या चाकाच्या आतून तेल झिरपलेलं दिसलं. ब्रेकचं तेल. रशीदभाई भाचीच्या लग्नाला गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. दोन दिवस सुमन शाळेतल्या बाईंच्या स्कूटीवर सहज गेली असती. तसं ती म्हणालीही. पण मी त्या जाड पुस्तकातलं ब्रेकचं पान काढून बसलो होतो. चित्र स्पष्ट होतं, रबर आणि तेलाचा डबा दुकानात मिळत होता. ती म्हणाली, "हे तर रशीदभाईचं काम ना?"

मी म्हणालो, "फोन केला होता. ते म्हणाले, सोपं आहे, तुम्हीच करा."

मी फोन केला नव्हता.

रबर बदललं की ब्रेकच्या नळीत हवा शिरते; ती राहिली तर पेडल नुसतं खाली जातं, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून एक छोटा स्क्रू सैल करायचा; तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मी चाकाशी, सुमन आत. मी म्हणायचो "दाब", ती म्हणायची "दाबलं". या नादात बॉनेटखालची ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी रिकामी झाली, ते मला उशिरा दिसलं. टाकी रिकामी झाली की सगळीकडे हवा जाते. पुन्हा चारही चाकांच्या नळ्यांतली काढायला हवी. तेही पुस्तकात होतं. डब्यात तेल थोडं उरलं होतं. मी ते ओतलं, दोन चाकांची हवा काढली आणि हात पुसले.

सुमन अजून आतच होती. म्हणाली, "अहो, पहिल्या दाबाला खाली जातंय. दुसऱ्यांदा दाबलं की मग धरतंय."

ऐकलंत? तिच्या पायाला ते कळलं होतं. पुस्तक न वाचता. आणि मी काय म्हणालो? "तुझ्या पायाला जुन्या पेडलची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या अलीकडच्या उतारावर तिथल्याच सोपानमामांची मेंढरं रस्ता ओलांडत होती, मध्ये त्यांची म्हातारी आई. सुमननं ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. गाडी डावीकडच्या दगडी बांधावर चढून थांबली. म्हातारीला काही झालं नाही, मेंढराला काही झालं नाही. सुमनचं मनगट मोडलं.

मी पोचलो तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. सोपानमामा गाडीजवळ थांबले होते. म्हणाले, "सर, बाईनं लई डोकं चालवलं. आमच्या अंगावर यायची ती गाडी. त्यांनी बांधावर घातली." मी गाडीचं दार उघडलं. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत वर ओढलेला होता.

जरा थांबून विचार करा. पेडल खाली गेलं, माणसं समोर, हातात दोन-तीन क्षण. तेवढ्यात तिनं हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वळवलं, आणि आपटायला माणसं नसलेली जागा निवडली. मला हे जमलं असतं का? रशीदभाईंना तरी? मी तो हँडब्रेक बघत उभा राहिलो आणि माझी छाती अभिमानानं भरून आली – त्याही वेळी, हो. आणि मग मी मामांची पाठ वळल्याचं बघून तो खाली केला.

गाडी मी रशीदभाईंकडे नेऊ दिली नाही. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. बंपर वाकलेला, एक दिवा फुटलेला. म्हटलं, घरचंच काम आहे. सुमन प्लास्टर घालून आत झोपलेली असताना मी चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पेडल दाबायला कुणाला बोलावलं नाही. सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून, दर वेळी उठून, पुन्हा चाकाशी बसून, एकट्यानं केलं. पूर्ण दिवस गेला. काम उत्तम झालं. ते ब्रेक पुढे कधी चुकले नाहीत.

संध्याकाळी तिनं विचारलं, "ब्रेक बघितले का? पेडल खालीच गेलतं."

मी म्हणालो, "बघितले. ब्रेक ठीक आहेत."

त्या घटकेला ते खरं होतं. खऱ्या वाक्यानं इतकं खोटं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "क्लच तळापर्यंत जातो. मी क्लचच दाबला असंल." हँडब्रेक तिला आठवतच नव्हता. आठवण द्यायला मी होतो. मी उशी नीट केली.

प्लास्टर निघाल्यावरही ती स्टिअरिंगला बसली नाही. शाळेतले एक गुरुजी तिला चिडवायचे – "पाय क्लचवर, गाडी बांधावर." ती त्यांच्याबरोबर हसायची, घरी येऊन मलाही हसून सांगायची. पुढे निवृत्तीपर्यंत ती दुसऱ्यांच्या स्कूटीवर मागे बसून शाळेत गेली. सोपानमामा भेटले की तिचं कौतुक करायचे. तिला वाटायचं, बिचारे मन राखतात.

मी का सांगितलं नाही? पहिल्या आठवड्यात भीती होती, ती कळण्यासारखी आहे. पण नंतर? नंतर अकरा वर्षं? लोक म्हणायचे, सरांच्या हातात कला आहे, जुनी गाडी नवी ठेवली. ते मला आवडायचं. एवढंच कारण होतं. मी दुसरं शोधून पाहिलं, नाही सापडलं.

तेराव्याला तेच गुरुजी आले होते. बाई शिकवण्यात हुशार, हिशेबात हुशार, एक गाडी तेवढी नाही, असं म्हणाले. प्रेमानं म्हणाले. बसलेले सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. मी मान खाली घातली – आणि पुन्हा काही बोललो नाही. ती नव्हती तिथे, तरीही नाही.

आमची मुलगी रेणुका बीडला नोकरी करते. मागच्या आठवड्यात तिनं फोनवर विचारलं, "बाबा, आईची गाडी मी चालवायला शिकू का? पण आईसारखं झालं तर?"

आईसारखं. मी म्हणालो, रविवारी ये.

उद्या रविवार. हे कागद आधी तिला वाचायला देणार आहे. तिला निदान हे माहीत असावं, की त्या सकाळी तिच्या आईनं ब्रेकच दाबला होता, तो चालला नाही तेव्हा हँडब्रेक ओढला, आणि गाडी माणसांपासून दूर नेऊन थांबवली. ब्रेक तिच्या बापानं केले होते.