हळदीच्या कणकेचा डबा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. मुलाला सांगितली नाही, बायको होती तोवर तिलाही नाही. एवढीशी तर गोष्ट, असं स्वतःला समजावत राहिलो. एवढीशी असती तर एव्हाना विसरलो असतो.

आम्ही दोघं पुण्याहून मुलाकडे परदेशात, बिशानला राहायला आलो. मुलाचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीचा, अर्ज गेलेला होता आणि आम्ही व्हिजिट पासवर होतो. त्याच वर्षी बायकोचं दुखणं निघालं. तिच्या बहिणीनं फोनवर उपाय सांगितला. रामनाम लिहिलेल्या एकशेआठ चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालायच्या आणि दर शनिवारी माशांना घालायच्या. बायको शुक्रवारी अंथरुणात बसून चिठ्ठ्या लिहायची. कणकेत चिमूटभर हळद घालायला लावायची. "माशांना काय चव कळणार?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे कळते?"

घरापासून बसनं थोड्या अंतरावर जलाशय होता. तिथे एक म्हातारा चिनी गृहस्थ गळ टाकून बसलेला असायचा. मी त्याला अंकल म्हणायचो, तोही मला अंकल म्हणायचा. या शहरात आमच्या वयाच्या प्रत्येक पुरुषाला अंकलच म्हणतात, त्यामुळे नाव विचारायची वेळ आली नाही. सापडलेला मासा तो ओल्या हातानं धरायचा, गळ अलगद सोडवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "मग पकडता कशाला?" मी एकदा विचारलं. "अजून आहे की नाही, ते बघायला," तो म्हणाला.

मासे खरंच कमी झाले होते. काठावर पाटी लागली होती: ठरावीक पट्ट्यातच गळ टाकायचा, आमिष फक्त प्लास्टिकचं. कुणी ब्रेड घेऊन आला, तर अंकल स्वतः उठून त्याला ती पाटी दाखवायचा. बाकीचे गळवाले त्याला इन्स्पेक्टर म्हणून चिडवायचे. त्याची मुलगी कॅनडात होती. तिथल्या नदीत सॅमन परत येईनासे झाले म्हणून त्या वर्षी मासेमारी बंद ठेवली होती. हे त्यानं मला अभिमानानं सांगितलं, जणू त्यानंच ती बंद करवली होती.

माझ्या गोळ्यांबद्दल कळल्यावर मात्र तो गंभीर झाला. "अंकल, पीठ पाण्यात नको. पाणी खराब, मासे आजारी." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "बायको बरी आहे?" मी पीठ बंद करण्याचं कबूल केलं. त्यानंतर पुढच्या वळणाआड जाऊन गोळे टाकू लागलो.

त्या शनिवारी वळणाकडे निघालो होतो, पण त्यानं हाक मारली म्हणून त्याच्या बाकावर बसलो. डबा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. तेवढ्यात गणवेशातली एक तरुणी मागून आली. तिनं त्याचा गळ पाहिला आणि डब्याचं झाकण उचललं. आत पिवळे गोळे.

"अंकल, धिस युवर्स आ?"

ती आम्हा दोघांच्या मधोमध, डब्याकडे बघत होती. अंकल दोघंही होतो. मला मुलाचा अर्ज आठवला, माझा पास आठवला. मग वाटलं, गळ त्याच्या हातात आहे, म्हणजे ती त्यालाच विचारते आहे. असं मला वाटलं, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. प्रश्न मला कळला होता.

अंकलनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोलतो का, याची तो वाट पाहत होता. मी पाण्याकडे बघत राहिलो.

"माइन," तो म्हणाला. "सॉरी, गर्ल."

तिनं त्याचं ओळखीचं कार्ड मागून घेतलं आणि नाव लिहून घेतलं. ते कार्ड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मान वळवली असती, तर मला त्याचं नाव वाचता आलं असतं.

तिनं नोटीस दिली आणि ती गेली. पलीकडून एक गळवाला हसत ओरडला, "वा, इन्स्पेक्टर अंकल, आता पिठावर आलात का?" त्यानं गळ गुंडाळला, डब्याचं झाकण नीट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "घरी जा. बायको वाट बघत असेल."

गोळे मी घराखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. रामनामासकट. वर गेल्यावर बायकोनं विचारलं, "आले होते का हो मासे?" "आले होते," मी म्हटलं. पुढेही दर शनिवारी तिनं हेच विचारलं आणि मी हेच सांगितलं. ती त्याच समाधानात गेली.

अंकल जलाशयावर पुन्हा आला नाही. मी बाकावर जाऊन बसत राहिलो. बाकीच्यांना विचारलं, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. "कोण, तो पीठवाला अंकल?" एवढंच म्हणाले.

एकदा, फक्त एकदा, तो दिसला. बिशानच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनात, मी सरकत्या जिन्यानं वर चाललो होतो आणि तो शेजारच्या जिन्यानं खाली. मी मोठ्यानं हाक मारली, "अंकल!" तीन-चार म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. त्यांत तो नव्हता. मी वर पोचून पुन्हा खाली येईपर्यंत गाडी निघून गेली होती.

फलाटावर उभं राहून मी ते वाक्य मनातल्या मनात म्हटलं, ज्याची त्या बाकावरून उठल्यापासून मी तयारी करत होतो: अंकल, डबा माझा होता. तिनं मलाच विचारलं होतं. मला माफ करा.